बारा शहरांपैकी कुठलंही

२ जानेवारी २००६
संकल्प : जूनमध्ये जर्मनीत असणे. फुटबॉलचा वर्ल्ड कप, बारा शहरं. आमच्या कंपनीचा क्लायंटही जर्मन. हे दोन धागे जोडायला अक्कल लागते, ती माझ्याकडे आहे. माझ्या टीमची जर्सी घेतली. पाठीवर नाव छापून घेतलं : समाधान, नंबर १०.

५ जानेवारी
बाबांना फक्त 'शक्यता आहे' म्हणालो. संध्याकाळपर्यंत त्यांच्या पोस्टातल्या सगळ्या रिटायर्ड मंडळींना कळलं की बाबुरावांचा मुलगा जर्मनीला निघाला. बाबा लक्ष्मी रोडवरून चाकांची बॅग घेऊन आले. जर्सी आत टाकली. पॅकिंग सुरू.

२३ जानेवारी
जर्मनचा क्लास लावला, कोथरूडमध्येच. सोबत दीक्षा, माझी आतेबहीण. कंपनीत तिला मीच चिकटवली. ती क्रियापदं घोकते. मी मागच्या बाकावर स्टेडियमचा अभ्यास करतो. भाषा काय, तिथे गेल्यावर येते.

१३ फेब्रुवारी
मॅनेजर सुनीती मॅडमना मेल टाकला. बारा शहरं, पसंतीक्रमाने. म्युनिक पहिलं. गेल्सनकिर्शेन शेवटी, व्हिसावाल्यासमोर उच्चार कोण करणार. मॅडम जागेवर येऊन म्हणाल्या, "तुला कंपनीने पाठवायचंय की फुटबॉलवाल्यांनी?" म्हणजे विचार चालू आहे.

७ मार्च
क्लास सोडला. मास्तरच कच्चे.

१० एप्रिल
ऑनसाइट आलं! क्लायंटकडे जाऊन काम, मे ते जुलै. खुर्चीतून उठलोच. गावाचं नाव ऐकून परत बसलो. यादीत नाही. एक कारखाना, तीन बेकऱ्या, बाकी जंगल. मॅच एकही नाही. माणसाला काही स्वाभिमान? म्हटलं, मॅडम, यजमान शहर असेल तरच. त्या लगेच 'बरं' म्हणाल्या. चेहराही खुलला. नक्की म्युनिक काढताहेत माझ्यासाठी.

११ एप्रिल
जंगलात दीक्षा चालली. बिचारी. मी समजावलं, थांब, चांगलं शहर मिळेल. म्हणते, "दादा, मला काम मिळतंय ना, बास."

१२ मे
म्युनिकचं अजून काही नाही. दीक्षा बॅग मागायला आली. म्हटलं, मला लागेल. बाबा पेपरातून मान वर न करता म्हणाले, "बॅग तरी जाऊ दे." आणि स्वतः उचलून रिक्षापर्यंत गेले. ती 'जयभीम मामा' म्हणून गेली, तरी बराच वेळ गेटपाशीच उभे. फार वाईट वाटलं. जर्सी आतच राहिली, हे नंतर आठवलं.

१४ जून
दीक्षाचा मेल. त्या गावातल्या हॉटेलात एक टीम उतरली आहे. माझी. रोज सकाळी तिच्या ऑफिससमोर प्रॅक्टिस. फोटो जोडलाय : माझी जर्सी घातलेली दीक्षा पाठमोरी, आणि एक खेळाडू पाठीवर सही करतोय. माझ्या नावाखाली. रडू आलं. सर्दी म्हणून सांगितलं.

१८ जून
बाबांनी फोटो मोठा करून, फ्रेम करून हॉलमध्ये लावला. सकाळी पोस्टातले दीनानाथकाका आले. विचारलं, मुलगा पोचला का? बाबांनी फ्रेमकडे बोट दाखवलं. "पाठमोरा आहे, पण नाव वाचा की." काकांनी चष्मा लावून नाव वाचलं. मग वेणी दिसली असावी. म्हणाले, तिकडे केस वाढवलेले दिसतात.
बाबा हो म्हणाले.
हे सगळं बेडरूमच्या दाराआडून ऐकलं. पंखासुद्धा लावायचा नाही, असं बाबांनी बजावलंय. काकांनी दुसरा चहा मागितलाय. जुलैअखेरपर्यंत मी जर्मनीत आहे.