सातची थाप

शनिवार, रात्रीचं जेवण व्हायचंय, डोंबिवली

डोळे जाम दुखतायत. आमचं ओपन सोर्स कीबोर्ड ॲप पुढच्या शनिवारी निघणार होतं. सगळे आपापल्या वेळात फुकट राबणारे. सकाळी मीच ग्रुपवर टाकलं, "तारीख बदलली, आज सातला सोडतोय!" पोरं हसली, त्यांना माहितीये मी फेकतो. पण नौपाड्याच्या सुमनकाकू ग्रुपमध्ये नवीन. भाचीचा साखरपुडा सोडून त्यांनी राहिलेलं सगळं मराठी भाषांतर उरकलं. दुपारी त्यांचा मेसेज, "झालं रे बाळा. माझ्यामुळे अडलं नाही ना?"

साखरपुडा सोडून, यार! मस्करी होती हे कुठल्या तोंडानं सांगू? मग बसलो. टेस्टिंग एकट्यानं केलं आणि सातला ॲप खरंच सोडलं. पोरं विचारतायत, "भावा, तब्येत बरी आहे ना?"

काकूंनी लिहिलं, "बघ, साखरपुड्याला गेले नाही तेच बरं झालं."