भीतीचा तास

२ फेब्रुवारी
वर्ग सुरू! महिला उमेदवार प्रशिक्षण. प्रशिक्षक अस्मादिक. पालिकेची निवडणूक दोनदा लढवून दोन्ही वेळा पडलो, म्हणजे अनुभव दांडगा. ही म्हणाली, पडायला क्लास कशाला लागतो? हिला ह्यूमर आहे, व्हिजन नाही.

सायकलच्या दुकानावरची खोली. बायका चार. टॅक्सी चालवणारी, बालवाडीच्या बाई, पार्लरवाली आणि खाजगी दवाखान्यातली नर्स. चौघींच्या चार वस्त्या, चार देव, एकीचं बोलणं दुसरीला अर्धंच कळतं. मी म्हटलं, काळजी नको, माझं सगळ्यांना कळेल.

मागच्या बाकावर एक गृहस्थ येऊन बसले. सध्याच्या नगरसेवकांकडे असतात म्हणे. स्वतःहून पंखा दुरुस्त करून दिला, सगळ्यांना चहा पाजला. समोरच्या गोटातही आपलं नाव आहे तर.

९ फेब्रुवारी
आज भीतीचा तास घेतला. ही मेथड माझी स्वतःची. उमेदवाराने आपली सगळ्यात मोठी भीती चारचौघांत मोठ्याने सांगायची, म्हणजे ती निघून जाते.

टॅक्सीवाली म्हणाली, गाडीला काही झालं तर घर बसलं. बालवाडीच्या बाई म्हणाल्या, घरमालकाने जागा खाली करायला सांगितली तर मुलांना कुठे नेऊ. पार्लरवालीची मुलगी क्लासहून अंधार पडल्यावर एकटी येते. हे सांगताना तिचा आवाज फुटला. मीही डोळे पुसले. नर्स मात्र गप्पच. आत्मविश्वास कमी.

गृहस्थ शेवटपर्यंत बसले. जाताना म्हणाले, सर, आज फार शिकायला मिळालं. मूठभर मांस चढलं.

१४ फेब्रुवारी
टॅक्सीचे चारही टायर कुणीतरी फाडले. काच फोडून आत माती टाकली. ती वर्गाला आली नाही. फोनवर म्हणाली, निवडणूक गेली खड्ड्यात. मी तिला चिकाटीवर दहा मिनिटं सांगितलं. पाचव्या मिनिटालाच तिने फोन ठेवलेला असावा.

१८ फेब्रुवारी
बालवाडीची जागा खाली करायला सांगितली आहे. इतकी वर्षं कुरकूर न करणारा घरमालक एका दिवसात बदलला. बाई रडत होत्या. मी म्हटलं, बघा, भीती बाहेर आली की नाही! त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी विषय बदलला.

पुढच्या बॅचला मेथडमध्ये थोडी सुधारणा करावी. काय, ते सुचत नाही.

२१ फेब्रुवारी
काल पार्लरवालीच्या मुलीच्या मागे दोघेजण स्कूटरवरून दारापर्यंत आले. हात लावला नाही, शिवी दिली नाही. फक्त नाव विचारलं, आणि म्हणाले, आईला सांग, सांभाळून. पोरगी तापाने फणफणली आहे. पार्लर बंद.

ऐकून मी वहीत तिन्ही तारखा ओळीने लिहून पाहिल्या. पण योगायोग असतात. गृहस्थही म्हणाले, सर, दिवसच वाईट आहेत. त्यांना खरंच वाईट वाटत होतं. बिस्किटं आणली होती.

२२ फेब्रुवारी
ही आज पहिल्यांदाच वर्गाला आली. म्हणे, बघू तरी काय दिवे लावताय. सगळा वेळ नर्सच्या कानाशी. गृहस्थांनी हिला नमस्कार केला, वहिनी म्हणाले. हिने नाक मुरडलं. हिला माणसं जोडता येत नाहीत.

वर्ग सुटल्यावर नर्स एकटी थांबली. खाली मान घालून म्हणाली, सर, कुणाला सांगू नका, मला काळ्या कुत्र्याची फार भीती वाटते. शेवटी उमललीच! माझ्या मेहनतीचं चीज झालं.

कुणाला म्हणजे कुणालाच सांगितलं नाही. फक्त गृहस्थांच्या कानावर घातलं, म्हणजे तिच्या गल्लीतल्या कुत्र्यांचा ते बंदोबस्त करतील.

२४ फेब्रुवारी
नर्सच्या दाराच्या कडीला पहाटे एक भलंमोठं काळं कुत्रं बांधलेलं होतं. नवीकोरी साखळी.

नर्सने त्याला दूध पाजलं. ती कुत्र्यांना मुळीच भीत नाही. ते खोटं सांगायची कल्पना हिची. जेवताना हिने शांतपणे विचारलं, अहो, ती तुमच्याशिवाय कुणाशी बोलली होती? मी म्हटलं, मीही कुणाशी बोललो नाही, फक्त गृहस्थांशी, आणि ते आपलेच. ही आपलं ताट घेऊन आत गेली.

मी ताट तसंच सरकवलं. भूक मेली असेल. व्याख्यानं फार झाली.

२६ फेब्रुवारी
चौघी आज आमच्या घरी जमल्या. दार आतून बंद. आत हसणं, मग बराच वेळ कुजबुज. मला चहा करायला सांगितला. मी केला. दारातूनच घेतला.

ठरलं असं, की सगळ्यांची मिळून एकच उमेदवार उभी करायची. ही. कारण काय तर ही भीतीच्या तासाला नव्हतीच, हिची भीती कुणालाच माहीत नाही. मी म्हटलं, प्रचाराची सूत्रं मी घेतो. चौघी एका सुरात नको म्हणाल्या. माझ्या शिकवणीतून हे ऐक्य आलं, हे त्यांना पुढे पटेल.

२८ फेब्रुवारी
हिने अर्ज भरला. मला सोबत नेलं नाही.

संध्याकाळी गृहस्थ फाटकापाशी उभे. आज चहा नाही, बिस्किटं नाहीत. माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी मायेने विचारलं, सर, वहिनींना कशाची भीती वाटते हो?

मी आठवून पाहिलं. इतक्या वर्षांचा संसार. अंधाराची? नाही. आजारपणाची? माहीत नाही. एकटेपणाची? कधी विचारलंच नाही. मला हिच्याबद्दल काहीच माहीत नव्हतं. माहीत असतं तर सांगून मोकळा झालो असतो, हेही तिथेच उभ्या उभ्या कळलं, आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं.

म्हटलं, खरंच माहीत नाही.

त्यांनी मान हलवली. खांद्यावरचा हात तसाच. म्हणाले, असू दे, मग तुमची सांगा.

मी तोंड मिटून घेतलं. आयुष्यात पहिल्यांदाच. माझी नजर मात्र वरच्या खिडकीकडे गेली. आत दिवा होता, ही कुणाशी तरी हसून बोलत होती.

गृहस्थांनीही वर पाहिलं. म्हणाले, कळलं.