रायफलीखालच्या पाटीवरचं नाव

एका जुन्या लष्करी रायफलीचा झिजलेला चाप दुरुस्त करायला मला चार महिने, दोन खटके आणि एक माणूस लागला. माणूस परत आला नाही, म्हणून हा कागद.

मी, चंद्रप्रकाश वामन तोरस्कर, वय ७६, राहणार मुलुंड पूर्व, बुद्धी, कान आणि नजर शाबूत असताना, कोणाच्या दबावाने नव्हे तर आता दमलो म्हणून, माझ्या मिळकतीची व्यवस्था पुढीलप्रमाणे लावत आहे.

१. राहता फ्लॅट पत्नी प्रेमाचा. तिच्या हयातीत तो विकायचा विषय चिरंजीव केतनने काढू नये. स्वयंपाकघरात हळू बोललेलंही मला हॉलमध्ये ऐकू येतं.

२. बँकेतली शिल्लक केतन आणि मुलगी अपूर्वा यांना निम्मी निम्मी.

३. कांजूरमार्गचा गाळा, लेथ आणि सर्व अवजारं राजाराम पेडणेकर यांस. केतन विचारेल, का?

राजाराम माझ्या हाताखाली एकवीस वर्षं होता. संग्रहालयाची ती रायफल आमच्याकडे आली त्या आठवड्यात टपरीवर तो गिऱ्हाइकाला सांगताना मी ऐकला, "नानांना आता दिसत नाही. बारीक काम माझ्याकडे द्या." संध्याकाळी त्याला काढून टाकला. चाप ओढेपर्यंत घोडा अडवून धरणारा खटका मग मीच घासला. तापवून पाणी दिलेल्या पोलादाची वरची कडक साल पातळ असते. ती निघून गेली ते मला कळलं नाही. चाप लोण्यासारखा चालला आणि महिन्याभरात घोडा नुसत्या धक्क्याने सुटू लागला. रायफल रिकामी होती, म्हणून निभावलं.

माझं नाव न सांगता, तिसऱ्याच्या हस्ते मी काम राजारामकडे पाठवलं. नवा खटका आला. सोबत जुना, आमच्या गाळ्याच्या रीतीने कागदात गुंडाळलेला. कागदावर लिहिलं होतं, "नाना, डोळे दाखवून घ्या."

नवा खटका मी बसवून दिला. रायफल काचेत लागली, खाली पाटी आली: 'दुरुस्ती, चं. वा. तोरस्कर'. सत्काराचा नारळही मीच घेतला.

४. ती पाटी उतरवून राजारामच्या नावाची लावण्याची विनंती संग्रहालयाला करावी. हे अपूर्वाने बघावं, केतन विसरेल. गाळा द्यायला मात्र केतननेच जावं, आणि दोनदा जावं. पहिल्यांदा राजाराम नाहीच म्हणणार.

ठिकाण: मुलुंड. दिनांक: १४ मार्च २०२४.
सही: चं. वा. तोरस्कर

साक्षीदार:
१. देवेश मोहिते
२. ऋता सामंत

साक्षीदारांची नोंद: वरील मजकूर तोरस्कर यांनी तोंडी सांगितला. लिहून झाल्यावर आम्ही त्यांना तो दोनदा वाचून दाखवला. सहीची जागा त्यांना दिसेना, ती बोट धरून दाखवली.