प्रसूतिगृहाच्या दारात ओरडणारी गाडी

सौ. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. इकडे आम्ही सगळे ठीक. तिकडेही सगळं ठीक असणार याची खात्री आहे, कारण काही बिघडलं की तू फोन करतेस आणि बऱ्याच दिवसांत तुझा फोन नाही. दाजींचा गुडघा कसा आहे? (त्यांनी जिना चढणं सोडल्यापासून वरच्या मजल्यावर तुला एकटीला निवांत बसायला मिळतं असं ऐकलं. गुडघा बरा होऊ नये असं मी म्हणणार नाही, पण घाई कशाला.) मुलांना आशीर्वाद. आईची तब्येत उत्तम आहे. तिच्याबद्दल पुढे सविस्तर येईलच, कारण हे पत्र तिच्या उत्तम तब्येतीमुळेच लिहावं लागतंय.

तर विषय आपल्या लॉन्ड्रीच्या पिकपचा. ती ओरडते. इंजिनात पुढच्या बाजूला तो लांब बेल्ट असतो ना, सगळी चाकं फिरवणारा, तो किंचाळतो. मांजराच्या शेपटीवर पाय द्यावा आणि काढायला विसरावं, असा तो आवाज. बरं, गाडीने माळरानावर जाऊन ओरडावं, माझं काही म्हणणं नाही. पण आमच्याकडे प्रसूतिगृहाच्या चादरींचं काम आहे हे तुला माहीत आहे. रोज सकाळी धुतलेल्या चादरी न्यायच्या, मळलेल्या आणायच्या. तिथला पोर्च अरुंद आहे, त्यामुळे स्टिअरिंग पार शेवटपर्यंत फिरवून गाडी मागे घ्यावी लागते, आणि नेमकं स्टिअरिंग फिरवलं की बेल्टावर जोर येतो आणि तो सूर लावतो. पोर्चच्या बरोब्बर वर बाळांची खोली. एक बाळ उठतं, ते दुसऱ्याला उठवतं, आणि मी मागचा फाळका उघडेपर्यंत वर सगळी जमात एका सुरात रडत असते. तिथल्या मेट्रनबाई खिडकीतून नुसतं बघतात. बोलत नाहीत. तुझं आणि त्यांचं छान जमेल.

मागच्या आठवड्यात मात्र त्या बोलल्या. महिनाअखेरपर्यंत हा आवाज बंद झाला नाही तर चादरी दुसरीकडे जातील. ताई, हे काम गेलं तर आमचं मोठं मशीन झाकून ठेवायचं आणि गल्लीतल्या लोकांच्या शर्टांवर पोट भरायचं. आणि गल्लीतले लोक कसे, तर एक शर्ट चार दिवस घालून पाचव्या दिवशी उलटा करून घालणारे.

गॅरेजवाल्याला सकाळी फेरीच्या आधी घरी बोलावलं. (गाडी त्याच्याकडे न्यायची तर सकाळच्या फेरीला काय डोक्यावर गठ्ठे घेऊन जाऊ?) त्याने बॉनेट उघडलं, मी गाडी सुरू केली, आणि बाईसाहेब गप्प. इतक्या गप्प, इतक्या गुणी, की माझाच विश्वास बसेना. गॅरेजवाल्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं डॉक्टर पोटात दुखतं म्हणून शाळा बुडवणाऱ्या पोराकडे पाहतात. तरी माझ्या आग्रहाखातर त्याने बेल्ट बदलला. दुसऱ्या दिवशी पोर्चमध्ये पुन्हा तोच आलाप. मग त्याने टेन्शनर बदलला. टेन्शनर म्हणजे बेल्ट ताणून धरणारा भाग, आपल्या घरी लहानपणी हे काम तू करायचीस. मग एक पुली बदलली. मग बेल्टच खराब निघाला म्हणून आणखी एक बेल्ट. प्रत्येक वेळी घरी सामसूम आणि प्रसूतिगृहात बोंब. शेवटी तो म्हणाला, साहेब, गाडीला ती जागा मानवत नसेल.

इथे शेजारचे काका रिंगणात उतरले. काका निवृत्त झाल्यापासून दिवसभर मोबाइलवर दुरुस्तीचे व्हिडिओ बघतात आणि दुरुस्त करायला त्यांच्या घरी आता काही शिल्लक नाही, सगळं बिघडवून झालंय. त्यांनी सांगितलं, सोपी परीक्षा असते. चालत्या बेल्टावर पाण्याचा फवारा मारायचा. आवाज थांबला तर पुली वाकडी, वाढला तर बेल्ट सैल. मला पटलं. काकांनी आमच्या इस्त्रीच्या टेबलावरची फवाऱ्याची बाटली उचलली आणि मनसोक्त फवारलं. त्या बाटलीत पाणी नव्हतं ताई, स्टार्च होता. कॉलर कडक करायचा. बेल्ट आधी पांढरा झाला, मग त्याचे पापुद्रे उडायला लागले, आणि काकांच्या भुवया अशा ताठ झाल्या की दोन दिवस ते सगळ्यांकडे आश्चर्यानेच बघत होते. परीक्षेचा निकाल अजून लागायचा आहे.

तो स्टार्च काढायला तुझी भावजय आली. तिचं तत्त्वज्ञान तुला ठाऊक आहे: जगात जे काही बिघडतं ते मळल्यामुळे बिघडतं. तिने गॅरेजवाल्याकडून बेल्ट उतरवून घेतला, तेलकट डागांसाठी आपण जी पावडर वापरतो तिच्यात भिजवला, घासला, वाळत घातला (दोरीवर, नवजात बाळांच्या दोन दुपट्यांच्या मध्ये), पुल्या पुसून घेतल्या आणि पुन्हा चढवायला लावला. आणि काय सांगू, दुसऱ्या दिवशी पोर्चमध्ये शांतता. एकही बाळ हललं नाही. मी मेट्रनबाईंना खिडकीत हात केला. त्यांनी केला नाही, पण पडदा जरा सावकाश ओढला. मी घरी येऊन बायकोची इतकी तारीफ केली की ती म्हणाली, बास, आता काय हवंय ते सांगा. त्याच्या पुढच्या सकाळी बेल्ट पुन्हा ओरडला.

आता मुद्द्यावर येतो. काल पहाटे मी न्हाणीघराच्या खिडकीशी दात घासत उभा होतो. खाली अंगणात पिकपचं बॉनेट उघडं. उपड्या घातलेल्या बादलीवर आपली आई उभी. हातात शिलाई मशीनची ती लांब चोचीची तेलाची कुपी, चष्मा नाकाच्या टोकावर, आणि पुलीच्या एकेका चाकाच्या मधोमध थेंब, थेंब, थेंब. (बॉनेट कसं उघडायचं ते गॅरेजवाल्याचं बघून शिकली म्हणे. मला अजून तो खटका सापडायला वेळ लागतो.) तेल घालून झाल्यावर तिने बॉनेटवर थाप मारली आणि म्हणाली, जा, आज शहाण्यासारखं वाग, पोराला बोलणी बसतात.

माझ्या तोंडात पेस्टचा फेस तसाच. सगळा उलगडा झाला. ताजं तेल पडलं की बेल्ट थोडा वेळ गप्प राहतो, म्हणून घरी सामसूम. मग चाकं गरगर फिरली की तेल उडून बेल्टावर पसरतं, बेल्ट घसरायला लागतो, आणि पोर्चमध्ये जोर आला की बोंब. बेल्ट नवा असो की जुना, रोज पहाटे त्याला तेल. बायकोने धुतलेल्या बेल्टाचं एक दिवस भलं झालं, कारण त्या पहाटे आईला सर्दी होती आणि ती उशिरा उठली.

मला सांग, मी काय बोलणार होतो? तिचं शिवणाचं दुकान बंद झालं, ती आमच्याकडे आली, त्याला वर्ष होत आलं. आम्ही तिला फुलासारखं ठेवलंय. बायको तिला चादरीची घडीसुद्धा घालू देत नाही. तुम्ही बसा आई, तुम्ही आयुष्यभर केलंत. खिडकीजवळची खुर्ची तिची, पहिला चहा तिचा. आणि ती बसते. दिवसभर चाललेल्या मशीनकडे बघत बसते, आणि हात मांडीवर असे ठेवते, जसे कुणाचे तरी सांभाळायला दिलेले आहेत. मला ते बघवत नाही ताई, खरं सांगतो. त्या हातांनी एक काम स्वतःहून शोधून काढलं आणि तेच नेमकं आमच्या मुळावर आलं. तिला सांगायचं, की आई, तू करतेस त्यानेच धंदा बुडतोय? मी चूळ भरली आणि खाली जाऊन चहा घेतला.

बायकोला कानात सांगितलं, तर ती इस्त्री न थांबवता म्हणाली, मला ठाऊक आहे. आईंच्या बाहीवर मशीनच्या तेलाचे डाग रोज मीच काढते. (आपल्याकडे माणसाचं तोंड बघत नाहीत, डाग बघतात.) म्हणूनच ती रोज संध्याकाळी, मी हिशोबाला बसलो की, गुपचूप बेल्ट पुसून ठेवत होती. म्हणजे सासू पहाटे तेल घालते, सून संध्याकाळी पुसते, आणि मी मधल्या वेळात नवे बेल्ट आणतो. मला का नाही सांगितलंस, म्हणून विचारलं, तर म्हणाली, तुम्ही तरी आईंना सांगितलंत का? खाली जाऊन चहा पिऊन आलात ना? एकमेकांना जपण्यात आम्ही तिघंही पटाईत निघालो, आणि महिना संपत आलाय.

असो. पत्र लांबलं. दाजींना नमस्कार सांग. उत्तर सवडीने दे.

तुझा,
धाकटा

ता. क. सवडीने नको, लगेच दे. एवढं सगळं लिहिलं ते कशासाठी, तर महिनाभर आईला तुझ्याकडे बोलावून घे. दाजींच्या गुडघ्याचं निमित्त कर. तुला एकटीला झेपत नाही, असं म्हण, ती लगेच निघेल. ती निघाली की बेल्ट बदलतो, चादरींचं काम वाचतं, आणि तिला कळतही नाही.

दुसरा ता. क. पाकीट बंद करायचं राहिलं होतं ते बरंच झालं. आज सकाळी मी गाडी काढली तर आई शेजारच्या सीटवर येऊन बसली, कुपी मांडीवर. म्हणाली, घरी आवाज नाही आणि तिथे येतो, मग तिथेच येऊन ऐकते. मी नाना कारणं सांगितली, तिने खिडकीची काच खाली केली. ताई, घरापासून चौकापर्यंत गाडी लोण्यासारखी. पोर्चमध्ये स्टिअरिंग फिरवलं आणि जो काही टाहो फुटला. वर बाळांनी साथ दिली. आई उतरली, बॉनेट उघडलं, बेल्टावरून बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं, आणि मशीनच्या तेलाचा वास तिने ओळखला. शिवणयंत्राच्या पट्ट्याला तेलाचा थेंब लागू द्यायचा नसतो, हे ती दुकानातल्या मुलींना शिकवायची. चाकाच्या आसाला तेल घालायचं आणि फडक्याने टिपून घ्यायचं. इथे चाक इतकं वेगाने फिरतं आणि तेल पट्ट्यावर उडतं, हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

मला वाटलं, रडेल. ती म्हणाली, तुला माहीत होतं? मी म्हणालो, हो. आणि सूनबाईला? तिलाही. मग बोलला का नाहीत? मी म्हणालो, तुला वाईट वाटलं असतं.

ती म्हणाली, अरे, पाहुण्याची चूक झाकतात. घरच्याला सांगतात. मी वर्षभर तुमच्याकडे पाहुणी आहे का?

मी चादरींचे गठ्ठे उतरवायला लागलो, तर तिने दुसरं टोक धरलं, आणि या वेळी मी तिला बस म्हणालो नाही. परतल्यावर गॅरेजवाला नवा बेल्ट चढवत असताना पुल्या तिने स्वतः पुसल्या, आणि त्याने एक राहू दिली तर त्याला पुन्हा पुसायला लावली. दुपारी उरलेल्या चादरी पोचवायला दुसरी फेरी मारली. मागेपुढे, डावीकडे उजवीकडे, पार शेवटपर्यंत स्टिअरिंग फिरवलं. हूं नाही की चूं नाही. मेट्रनबाई काही बोलल्या नाहीत, म्हणजे काम राहिलं. संध्याकाळी आईने बायकोला सांगितलं, की तुझ्या घड्यांच्या कडा जुळत नाहीत, वर्षभर बघतेय, गप्प होते. बायको म्हणाली, मग आजपासून तुम्हीच घाला. तेव्हापासून दोघी एकाच टेबलाशी उभ्या आहेत आणि खुर्चीवर मी बसून हे लिहितोय. तेव्हा पहिला ता. क. रद्द समज. आई येणार नाही. तिला इथे काम आहे.

तिसरा ता. क. एक गोंधळ झालाय, तो आधीच सांगतो. आईने विचारलं, ताईही माझं असंच काही झाकते का रे? आता खरं बोलायचं ठरलं होतं, म्हणून मी बोलून गेलो: आईने तुझ्या दिवाणखान्यासाठी शिवून दिलेले पडदे वीतभर आखूड होते आणि तू खालून दुसऱ्या कापडाचं ठिगळ लावून दाजींना फॅशन म्हणून सांगितलंस. आई आतमध्ये मापाची टेप शोधतेय. चार दिवसांनी माझ्या गाडीत बसून तुझ्याकडे निघणार आहे, फक्त पडद्यांपुरती. गाडी आता वाजत नाही, त्यामुळे आम्ही आलो हे तुला दारात उभे राहिल्यावरच कळेल.