आमेननंतरचं वाक्य

१२ जानेवारी २०२५, रविवार

स्वप्नालीचं जर्मनीचं आज चर्चमध्ये, सगळ्या मंडळीसमोर जाहीर झालं! पाळकसाहेबांनी उपदेशाच्या आधीच सांगून टाकलं — आपली मुलगी तिकडच्या हॉस्पिटलात नर्स म्हणून चालली आहे, व्हिसा तेवढा राहिलाय, सर्वांनी प्रार्थनेत आठवण ठेवा. माना वळल्या. मी हसले. हसतानाच हात गार पडले, ते घरी येऊन कांदा चिरेपर्यंत गारच.

हे भलतेच खूश. उभा जन्म एसटीच्या वर्कशॉपात गेला, आता लेक विमानात बसणार! परतताना चौकातल्या पानवाल्यालासुद्धा सांगून झालं.

मला विमान दिसतं ते पडतानाच.

१४ जानेवारी, मंगळवार

भीती माझ्या ओळखीची आहे. गॅस बंद केला की परत जाऊन बघते. हे अर्धा तास उशिरा आले की मनातल्या मनात दवाखान्यात पोचलेली असते. स्वप्नाली रोज गाडीवरून कागलला ड्युटीला जाते, ती हायवेला लागेपर्यंत माझा घास उतरत नाही. पण ही भीती वेगळी. ही छातीवर बसते आणि उठतच नाही.

सांगायचं कोणाला? महिला मंडळाची सेक्रेटरी मी! चिंता करणं म्हणजे प्रभूवर अविश्वास दाखवणं, असं दर महिन्याला उभं राहून मीच बायकांना सांगते. आवाजही चांगला लागतो माझा.

पोरगी घरभर खाकरल्यासारखं जर्मन बोलत फिरतेय. मी आज शेजारच्या चाँदबीच्या शिवायला आलेल्या ब्लाउजचा गळा पुढचा मागे कापला.

१६ जानेवारी, गुरुवार

आज कॉटेज प्रार्थना बाळाबाईंच्या घरी, त्या आमच्या मंडळातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या. दर गुरुवारी दुपारी कोणाच्या तरी घरी जमायचं, गीत, वचन, मग विनंत्या, आणि शेवटी सगळ्यांनी एकदम, मोठ्यानं प्रार्थना करायची. बाळाबाई आमेन म्हणतील तेव्हा थांबायचं. नुसता गलका असतो. कोण काय मागतंय ते शेजारणीलाही कळत नाही.

पहिली विनंती स्वप्नालीच्या व्हिसाची. सगळ्या जीव तोडून मागत होत्या. त्या गलक्यात मी डोळे घट्ट मिटले आणि म्हणाले — होऊ देऊ नको. पोरीचं काम होऊ देऊ नको, प्रभू.

म्हणून टाकलं! घरी येताना इतकं हलकं वाटलं की रंकाळ्यावर उतरून भेळ खाल्ली.

१७ जानेवारी, शुक्रवार

हलकं वाटलं ते कालच्या दिवसापुरतंच. आज नवीन भीती. सगळी मंडळी एका बाजूला ओढतेय, मी एकटी दुसऱ्या बाजूला. आणि त्यानं माझंच ऐकलं तर?

२१ जानेवारी, मंगळवार

बापलेक मुंबईला, व्हिसाच्या मुलाखतीला. मी मशीनवर बसले, एक शिवण सरळ येईना. फोन वाजला तर धस्स, नाही वाजला तर जास्त धस्स. बायबलच्या वचनांच्या कॅलेंडरवरची आजची ओळ वाचली, परत वाचली, शब्द कळले, आत काही गेलं नाही.

चाँदबी शेजारून येऊन बसली. तिचा तोहिद मस्कतला आहे. तो गेला तेव्हा काय केलंस, विचारलं. म्हणाली, काय करणार, त्याच्या आवडीचं कालवण वर्षभर घरात केलं नाही. एवढंच बोलली आणि माझ्या शिलाईतले चुकलेले टाके उसवत बसली.

दुपारी फोन आला. मुलाखत चांगली झाली. मी म्हणाले, देवाची कृपा. लबाड!

२३ जानेवारी, गुरुवार

आज प्रार्थना आमच्या घरी होती. चिवडा केला, सतरंजी टाकली. बाळाबाईंचा घसा बसलेला. विनंत्या झाल्या, गलका सुरू झाला, मी डोळे मिटले. आज फार जोरात सुटले मी. मुलाखत चांगली झाली होती ना, भीती मानेपर्यंत आली होती. बाळाबाई आमेन म्हणाल्या, पण त्या बसलेल्या आवाजात. बाकीच्या थांबल्या. मला कळलंच नाही.

सगळं घर गप्प, आणि त्यात माझा एकटीचा आवाज — "व्हिसा मिळू देऊ नको, माझ्या पोरीला जाऊ देऊ नको."

डोळे उघडले तर सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. आणि स्वयंपाकघराच्या दारात चहाचा ट्रे धरून स्वप्नाली.

तिनं सगळ्यांना चहा दिला. मलाही दिला. चिवडाही सगळ्यांनी खाल्ला. निघताना प्रत्येकीनं मंडळीतल्या रीतीप्रमाणे सलाम केला. बाळाबाईंनी माझा खांदा दाबला आणि गेल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

२४ जानेवारी, शुक्रवार

ड्युटीला जाताना "येते" म्हणाली नाही.

२६ जानेवारी, रविवार

डोकं दुखतंय सांगून उपासनेला गेले नाही. एवढ्या बायकांच्या नजरा झेलायची ताकद नाही. बायका म्हणतील, आई आहे का कोण! ह्यांना कळलंय की नाही तेही कळत नाही. ते गेले, आले, जेवले.

दुपारी स्वप्नाली खोलीच्या दारात उभी राहिली. म्हणाली, "तुला नको असेल तर मी नाही जात. तिकडं तसं कळवते." आवाज अगदी साधा. रागावली असती, भांडली असती तर मला काहीतरी बोलता आलं असतं.

मी "बरं" म्हणाले. बरं!

मागितलं ते मिळालं. आता झोप यायला हवी.

२९ जानेवारी, बुधवार

आज पोरगी ड्युटीवरून वेळेवर आली नाही. फोन बंद. कागलजवळ ट्रक उलटलाय असं ह्यांच्या मोबाईलवर कोणीतरी टाकलेलं. मी गेटजवळ उभी. तेच गार हात. पोरगी अंधार पडायच्या आत आली — चार्जिंग संपलं होतं, रस्ता तुंबला होता, बाकी काही नाही. हेल्मेट काढून सरळ आत गेली.

मी तिथंच पायरीवर बसले. जर्मनी रद्द झाली, पण भीती कुठं रद्द झाली? ती नुसती कागलच्या रस्त्यावर येऊन उभी राहिली. मी पोरीला घरात कोंडलं तर ती घरात येईल. गॅसजवळ उभी राहील.

इतकी वर्षं मी प्रार्थना करते म्हणते. प्रार्थना कसली — प्रभूला ऑर्डरी सोडते! हे कर, ते होऊ देऊ नको, ह्यांना लवकर आण. मला भीती वाटते, असं त्याला एकदा तरी सांगितलंय का? नाही. तिथंसुद्धा सेक्रेटरीच.

पायरीवरच बसून एवढंच म्हणाले. मला फार भीती वाटते. पुढं काही मागितलं नाही. मागायला काही सुचलंही नाही. रडू आलं, चांगलं मोठ्यानं. हात गरम झाले नाहीत. पण श्वास खालपर्यंत गेला, किती दिवसांनी.

३० जानेवारी, गुरुवार

प्रार्थनेला गेले नाही, तर ती संपल्यावर बाळाबाईच रिक्षा करून घरी आल्या. बसल्या, पाणी प्यायल्या. मी म्हणाले, माझा विश्वास कमी पडला. त्यांनी हातानंच उडवून लावलं.

"आगं, माझं येवढं केस पिकलं, तरी मला अजून लिफ्टचं भ्या वाटतंय. त्याला सांगते आन् जिन्यानं जाते. त्यानं कवा हाकलून दिलं न्हाय." मग म्हणाल्या, "देवाला सांगितलंस ते आमी ऐकलं की. पोरीला सांगितलंस का? भ्या वाटतंय म्हणून?"

नाही सांगितलं. पोरीला मी काळजी घे, डबा खा, हेल्मेट घाल, सगळं सांगितलं. हे नाही.

१ फेब्रुवारी, शनिवार

सांगितलं. ती कपडे घड्या करत होती, मी समोर बसले आणि सांगितलं. तू वाईट म्हणून नाही, जर्मनी वाईट म्हणून नाही. मला भीती वाटते, लहानपणापासून, सगळ्याची. तू जा. मी घाबरत राहीन, ते माझं मी आणि प्रभू बघून घेऊ.

ती बराच वेळ त्याच टॉवेलची घडी घालत राहिली. मग म्हणाली, तिकडं अजून काही कळवलंच नव्हतं. हात धजेना.

तिला मिठी मारली. आणि मग पहिला विचार काय आला, तर आता ही खरंच जाणार! छातीवरचं ओझं परत येऊन बसलं. बसू दे. सांगितलंय मी वर.

५ फेब्रुवारी, बुधवार

व्हिसा आला. ह्यांनी पेढे आणले. मी एक पाण्याच्या घोटाबरोबर खाल्ला. स्वप्नालीनं खाल्लाच नाही. नको म्हणाली, मग खाते म्हणाली, आणि पेढा तसाच बशीत राहिला.

६ फेब्रुवारी, गुरुवार

प्रार्थना परत आमच्याकडे. गलका सुरू व्हायच्या आत स्वप्नाली माझ्या शेजारी सतरंजीवर येऊन बसली. कानाशी म्हणाली, "आई, मला लई भ्या वाटतंय. तू ते माग ना परत. जाऊ देऊ नको म्हण." तिचे हात धरले, ते गार होते. अगदी माझेच हात. मी डोळे मिटले आणि मागितलं — तिला भीती वाटतेय, मलाही वाटतेय, तरी जाऊ दे तिला, तू बरोबर जा. बाळाबाई आमेन म्हणाल्या. सगळ्या थांबल्या. या वेळी मला ऐकू आलं होतं. तरी मी थांबले नाही.