काळी एक

रत्नागिरी,
२५ जानेवारी

प्रिय दादा,

नमस्कार. रितेश तुझ्याच बोटीवर चढतोय म्हटल्यावर लाडवांबरोबर हे पत्रही त्याच्याकडे देतेय. मालगुंडला माघी गणपतीचा आपल्या ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम असा रंगला की माझी बोटं अजून स्वस्थ बसत नाहीत!

तुझा कीबोर्ड मी पार नव्याने लावलाय. दोन गाण्यांच्या मध्ये तू बासरीचा आवाज शोधत बसायचास आणि मागून शिट्ट्या यायच्या, आठवतं? आता प्रत्येक गाण्याचा आवाज, ठेका, लय, पट्टी, सगळं एकेका बटणात साठवलंय, तेही कार्यक्रमाच्या क्रमाने. अभंग संपला, बोट टेकवलं, की कोळीगीत सुरू! नम्रता निवेदन करते ना, ती ओरडलीच, "बये, मला पाणी तरी पिऊ दे!"

बाबांची गाणी मात्र सगळी खालच्या पट्टीत घेतली. पांढरी चारऐवजी काळी एक. हल्ली थंडी असते ना.

थंडीचं खरं नाही, दादा.

तू गेल्यावर पावसाळ्यात बाबांच्या घशात गाठ निघाली. कोल्हापुरात ऑपरेशन झालं. गाठ साधी होती, आता धोका नाही. पण आवाज गेला, आणि परत आला तो जाड, खरखरीत. तुझा फोन आला की ते अंगणात निघून जायचे, ते तू ऑर्केस्ट्रा सोडून बोटीवर गेलास त्या रागाने नव्हे. तो आवाज तुझ्या कानी पडू नये म्हणून. 'पोर समुद्रावर आहे, त्याला कळवायचं नाही,' असं मोबाईलवर लिहून त्यांनी मला शपथ घातली होती.

मालगुंडला ते पहिल्यांदाच परत उभे राहिले. दोन गाणी सुरेख झाली, टाळ्या पडल्या आणि गडी पेटला. माझ्याकडे वाकून म्हणाले, "शेवटचं जुन्या पट्टीत दे गो." मी मान हलवली. त्यांनी डोळे वटारले. मी दिली.

पहिल्याच वरच्या सुराला आवाज फाटला. पण खालची पट्टी शेजारच्याच बटणात होती. ते दाबलं आणि काळी एकचा 'सा' धरून ठेवला. बाबा तसेच उभे. मग त्यांनी डोळे मिटले, श्वास घेतला आणि तिथूनच उचललं. काय गायले रे! लोक उभे राहून टाळ्यांचा ठेका धरत होते, आणि मी रडत रडत वाजवत होते.

परतीच्या टेम्पोत म्हणाले, "हर्षदला कळव. आता माझा हाच आवाज."

म्हणून हे सगळं. बंदराला लागलास की फोन कर. फोन बाबाच उचलतील. आवाज ओळखीचा वाटणार नाही, चुकीचा नंबर समजून ठेवू नकोस.

तुझी,
सानिका