मोठा कुत्रा म्हणजे नेमका किती मोठा?

बजाजनगर, रविवार

आदरणीय कडुबा दाजींना संघपालचा मनापासून जयभीम. तुमचं बीपी कसं आहे? (अक्का म्हणती कंट्रोलमधी आहे, पण तुम्ही लोणचं कुठं लपवता ते तिला कुठं ठाऊक आहे!)

तुम्ही फोनवर विचारलं, लासूर स्टेशनच्या तुमच्या वरच्या खोल्यांसाठी एक बाई आली, मोठ्या कुत्र्यासकट राहायचं म्हणती, तर नियम काय ठेवावा? दाजी, बरोबर माणसाला विचारलंत. मागच्या वर्षी आमच्याकडं करुणा नावाची नर्स भाड्यानं आली, सोबत वासराएवढा कुत्रा. नाव बारक्या. मी म्हटलं, मोठा कुत्रा चालणार नाय. तिनं शांतपणे विचारलं, काका, मोठा म्हणजे किती? आता बोला! तीस वर्षं कंपनीत तपासणी खात्यात काढली, मापाशिवाय एक नट नापास केला नाय, अन् इथं कुत्र्याचं मापच ठाऊक नाय. उंची धरायची का वजन? शेपूट मापात घ्यायची का? (भुंकणं कशात मोजतात ते तुम्हाला माहीत असंल तर कळवा.) शेवटी कंपनीच्या शिस्तीनं पाइपाची दीड फूट उंच चौकट बनवली. खालून गेला तो लहान, अडकला तो मोठा. गल्लीतले सात कुत्रे बिस्किटं टाकून तपासले, सगळे पास. मग बारक्याला आणलं. त्यानं बिस्किटाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, पोट जमिनीला टेकवलं अन् सरपटत पार! आमची रत्नमाला म्हणाली, अहो, हे धरायचं नसतं. पण मापात बसलेला माल मी नापास कसा करू? ठेवून घेतला. वर्षभरात एक तक्रार नाय (माझी चप्पल खाल्ली, पण ती जुनीच होती). तेव्हा नियम करायच्या आधी माप ठरवा, एवढंच सांगणं.

अक्काला जयभीम.

तुमचा मेव्हणा,
संघपाल

ता. क. तुमच्याकडं आलेली बाई म्हणजे हीच करुणा. तिची बदली तिकडं झाली, खोली मिळंपर्यंत बारक्या माझ्यापाशी आहे. दाजी, वरचं सगळं विसरा. बाईला खोली द्या, कुत्र्याला साफ नाय म्हणा. मला त्याच्याबिगर करमणार नाय.

ता. क. २. रत्नमालानं हे वाचलं अन् मला लई झापलं. करुणाची स्कूटी साडेसहाला यायची, त्या टायमाला बारक्या अजून फाटकाशी जाऊन बसतो, अंधार पडला तरी उठत नाय. मला दिसतं ते, मीच न दिसल्यासारखं करतो. द्या त्याला परवानगी. मी दर रविवारी लासूरला येत जाईन. एवढी माया कुठून आली असं अक्कानं विचारलं, तर भावाला बहिणीची आठवण येती म्हणा.